मानमोडीचा फाल्गुन

फाल्गुन लागला की पहाटे डोळे उघडायच्या आधी माझे कान उघडतात. ऐकायला आता काही उरलेलं नाही. आमच्या बाजूच्या गिरणीचा भोंगा बंद होऊन काही वर्षं झाली. चाळीमागच्या बोळात स्कूटरी लागतात, अंडी कोपऱ्यावरच्या दुकानातून पुठ्ठ्याच्या खाचांत बसून येतात. तरीही शिमग्याला गावी जाणाऱ्यांची एसटीच्या तिकिटांसाठी धावाधाव सुरू झाली, दुपारचा वारा कोरडा झाला, की मी पहाटे जरा वेळ नुसती पडून राहते आणि ऐकते. कोणी शिंकतंय का, कोणाच्या घशात घरघर आहे का. मग उठते आणि चहा ठेवते. शाळेत वेळेवर पोचायचं असतं.

ही सवय आईची. तिच्या सात कोंबड्या होत्या. चाळीची मागची भिंत आणि गिरणीची दगडी भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळा बोळ होता. तिथे चहाच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून तिने खुराडं केलं होतं. काळी, तांबडी, ठिपकी, बोडकी, झिपरी, बुटकी आणि साळू. साळू हे माणसाचं नाव एकटीलाच का, ते मी कधी विचारलं नाही. सातही जणी अंड्यावरच्या. दिवसाला चार अंडी पक्की, थंडीत पाच. त्यातलं एक बाबांचं. ते कोणत्याही परिस्थितीत बाबांचं. उरलेली आई शेजारणींना विकायची, पण बाबांचं अंडं आधी बाजूला निघायचं.

ज्या फाल्गुनाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या वर्षी बाबा छातीच्या दुखण्याने पाच महिने शिवडीला दवाखान्यात होते. ते गिरणीत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात होते. तिथे कापसाची धूळ इतकी, की संध्याकाळी घरी आलेला माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसे. बरे होऊन आले तेव्हा डॉक्टरने इंजेक्शनांचा कागद दिला आणि रोज एक अंडं दुधात फेटून घ्या म्हणून सांगितलं. महिनाभर ते घरी बसले आणि मग बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, जायला लागले. खोकला गेला म्हणाले. आईने विश्वास ठेवला.

कोंबड्यांच्या बाबतीत मात्र ती कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नसे, कोंबड्यांच्या तर नाहीच. कोंबडी आजार लपवते. हे मला आईने सांगितलं तेव्हा मी हसले होते. पण ते खरं आहे आणि अजूनही मला ते थक्क करतं. लिंबाएवढ्या डोक्याचा हा प्राणी, पण अंगात ताप भरला असताना दाणे टाकले की इतरांबरोबर धावत येतो, मान खाली घालून टोचल्यासारखं करतो. दाणा मात्र चोचीत जात नाही. कारण बाकीच्यांना कळलं की ही दुबळी झाली, तर त्याच तिला टोचून हैराण करतात. म्हणून अंगात उभं राहायची ताकद असेपर्यंत ती उभी राहते. आपल्याला ती आजारी दिसते तेव्हा ती आजारी पडलेली नसते, ती हरलेली असते.

आईला त्याच्या आधी दिसायचं. कसं दिसायचं, ते मी वर्षानुवर्षं आठवून आठवून जमवलं आहे. सकाळी खुराड्याचं दार उघडताना ती स्वतः बाजूला उभी राही आणि बाहेर पडायचा क्रम बघे. रोज तिसरी येणारी आज सहावी आली तर ते तिच्या लक्षात राही. मग शीट बघे. हो, शीट. आम्हाला किळस यायची, ती मात्र काडीने उलटून बघायची. गडद आणि वर पांढरं टोक असलं तर ठीक, हिरवट पाण्यासारखी असली तर कोणाची, हे शोधून काढल्याशिवाय चुलीकडे वळत नसे. तुऱ्याचा रंग बघे. अंडं हातात घेऊन कवचावरून अंगठा फिरवे. संध्याकाळी त्या आत शिरल्या की एकेकीला उचलून गळ्याखालची पिशवी चाचपायची. ती भरलेली, टणक लागली तर बाई दिवसभर खरंच जेवली. रिकामी लागली तर दिवसभर नाटक केलं. शेवटी कोंबडीच्या पाठीला कान लावून श्वास ऐके. हे सगळं करायला तिला सात कोंबड्यांमागे दहा मिनिटंही लागत नसत. तोंडाने ती त्याच वेळी आमचा पाढा घेत असे.

आज वर्गात मधल्या सुट्टीत डबा उघडून नुसता चिवडत बसणारी मुलगी मला लांबून दिसते. सहकारी बायका विचारतात, तुम्हाला कसं कळलं हो. 

त्या वर्षी निवडणूक आणि शिमगा पाठोपाठ आले होते. मी अकरा वर्षांची होते. चाळीत दुसरा विषय नव्हता. गॅलरीत पुरुष जमले की महाराष्ट्र, नळावर बायका जमल्या की महाराष्ट्र. मैदानात सभा असली की डफाचा आवाज आमच्या खोलीत येई आणि भांडी बारीक थरथरत. पोरं चुन्याच्या बादल्या घेऊन भिंती रंगवत फिरत. आमच्या बोळातली गिरणीची भिंत त्यांनी शेवटी धरली होती, कारण ती कोणाला दिसत नव्हती. पण उरलेली तेवढीच होती.

सात कोंबड्यांबरोबर एक कोंबडाही होता. त्याला नाव नव्हतं, कारण तो आमचा नव्हता. बाबा दवाखान्यात असताना आईने गावच्या राखणदार देवाला नवस केला होता की घरधनी धडधाकट घरी आला तर शिमग्याला कोंबडा देईन. बाबा घरी आले त्याच आठवड्यात तिने एक लाल पिल्लू आणलं आणि त्या दिवसापासून ते देवाचं झालं. देवाच्या नावाने ठेवलेला कोंबडा विकत नाहीत, कोणाला देत नाहीत, कापत नाहीत, त्याच्यावर ओरडतसुद्धा नाहीत. तो बाबांच्या थाळीत येऊन भात खाई आणि बाबा हात मागे घेत.

फाल्गुनाच्या पहिल्या आठवड्यात देवाचा कोंबडा आरवला नाही.

मी स्वतः ते ऐकलं नाही, म्हणजे न आरवणं ऐकलं नाही. पण आईने ऐकलं असणार. त्या सकाळी तो सर्वांत शेवटी बाहेर आला, पंख जरा खाली सोडून, आणि उन्हात जाऊन डोळे मिटून उभा राहिला. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, ऊन लागलं असेल. दुसऱ्या दिवशी त्याच्या चोचीतून चिकट तार लोंबत होती. आई म्हणाली, शेवग्याच्या शेंगेचं काहीतरी खाल्लं असेल. जी बाई साळूच्या अंड्यावरची एक सुरकुती सोडत नसे, ती शेवगा म्हणाली. त्याला वेगळा केला नाही, झाकला नाही. सात कोंबड्या त्याच पाणी प्यायच्या भांड्यात चोची बुडवत राहिल्या.

हे मला समजायला स्वतःचा संसार व्हावा लागला. तो कोंबडा आजारी आहे म्हणायचं, तर राखणदाराने नवस परत केला म्हणायचं. आणि नवस परत केला, तर बाबांचं काय? तिने कोंबड्याकडे पाहणं टाळलं नव्हतं, त्याच्या पलीकडे जे दिसत होतं त्याकडे पाहणं टाळलं होतं. त्यात दोन दिवस गेले. मानमोडीला, कोंबड्यांना माना टाकायला लावणाऱ्या त्या रोगाला, दोन दिवस पुष्कळ होतात.

तिसऱ्या दिवशी बुटकीने कवच नसलेलं अंडं घातलं. नुसता पापुद्रा, आत बलक हलतोय, उजेडात धरलं तर आरपार दिसावं असं. आई ते तळहातावर घेऊन उभी राहिली. दुपारी बुटकी मेली.

चाळीत अशा वेळची रीत ठरलेली होती. पहिली कोंबडी मेली की उरलेल्यांवर मान टाकायच्या आधी सुरी फिरवायची, रस्सा करायचा, शेजारी वाटी पोचवायची. पिसं आणि आतडी गटारात. मग आठ दिवसांत पुढच्या चाळीतल्या कोंबड्या माना टाकायच्या आणि तिथेही वाट्या फिरायच्या. खालच्या मजल्यावरच्या एका बाईने आईला विचारलंसुद्धा, मसाला वाटून ठेवू का.  आई मागच्या चाळीत भागामावशीकडे गेली.

भागामावशीचे यजमान जनावरांच्या दवाखान्यात कामाला होते. त्यांना सगळे काका म्हणत. डॉक्टर जे बोलत ते काका घरी सांगत, आणि काका जे सांगत ते मावशी विसरत नसे. गेल्या दसऱ्याला दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. घरातले देव, टाक सगळं विसर्जन करून भिंतीवर बुद्धाचं एक चित्र लावलं होतं. आई त्यांच्याकडे पाणी प्यायची, तेवढं तेव्हाच्या मानाने पुष्कळ होतं. सणाची देवाणघेवाण मात्र दसऱ्यापासून थांबली होती, कारण काय पाठवायचं हेच दोघींना कळत नव्हतं.

मावशी आली, पदर खोचून खुराड्यासमोर बसली आणि दोन मिनिटांत म्हणाली की मानमोडी आहे, औषध नाही. जे आजारी ते वेगळं करायचं, मेलेलं खोल पुरून वर चुना टाकायचा, खुराड्यातलं गवत जाळायचं, फळ्यांना चुना मारायचा. रोग आपल्या पायांनीही फिरतो, तेव्हा बोळातून येताना पाय फिनेलच्या गोणपाटावर पुसायचे. जे अजून खरोखर निरोगी आहेत त्यांना लस टोचून घ्यायची. मग कोंबड्याकडे बोट करून तिने विचारलं, हा अजून इथं कसा.

आई म्हणाली, "देवाचो कोंबो तो. त्याका बंद करूक मी कोण?"

"वैनी, रोग काय देव बघून येत न्हाई."

 त्याला झाकायचं म्हणजे देवाच्या वस्तूला हात लावायचा, कापायचं तर बोलायलाच नको, दुसऱ्याला देऊन टाकायचं तर नवस मोडला. मावशी कापून टाकायला सांगू शकली असती, पण तीही नव्या पंचशीलाला बांधलेली होती. प्राण्याला मारणार नाही असं तिने पाचच महिन्यांपूर्वी म्हटलं होतं आणि मावशी म्हटलेलं मोडणाऱ्यांतली नव्हती. तर दोन बायका आपापल्या शब्दाने हात बांधून एका पेंगणाऱ्या कोंबड्यासमोर बसल्या होत्या. मैदानाकडून डफ वाजत होता.

शेवटी मावशीच म्हणाली, "देऊ नका. नुसता ठेवा माझ्याकडं. ठेवायला तुमच्या देवाची ना नसंल."

तिच्याकडे कोंबड्या नव्हत्या, त्यामुळे कोणाला लागण व्हायची भीती नव्हती. तिने त्याला पदराआड उचलला आणि आपल्या गॅलरीच्या टोकाला डालग्याखाली ठेवला. तिच्या चाळीत गहजब झाला. देव सोडले आणि देवाचा कोंबडा दारात आणून बसवला, हा कसला धम्म, असं तिच्या जावेने सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं विचारलं. मावशी चमच्याने त्याच्या चोचीत पाणी सोडत होती. "मी हळदकुंकू लावत न्हाई त्याला," ती म्हणाली, "हळदीचं पाणी पाजतीय."

आमच्याकडे चुना हवा होता, आणि चुना निवडणुकीने सगळा उचलला होता. वाण्याकडे खडा नव्हता. आईने मला बोळातल्या रंगवणाऱ्या पोरांकडे पाठवलं. मी अर्धी बादली मागितली तेव्हा त्यांच्यातला मोठा म्हणाला, कोंबड्यांनापण मुंबई हवी काय गं. मी म्हटलं, त्या मरताहेत. तो शिडीवरून उतरला, बादली उचलून माझ्याबरोबर आला आणि आईला फळ्या रंगवून देऊनच परत गेला. भिंतीवर "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच" एवढंच राहिलं. पुढचे कित्येक दिवस ते तसंच होतं. आमच्या बोळात येऊन ते वाचणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि मला ते वाचून बरं वाटायचं. झालाच, म्हणजे होऊनच गेला.

खरी कसोटी लसीची होती. काकांनी डॉक्टरांना विचारून निरोप आणला. उद्या सकाळी झाकलेल्या टोपलीतून दवाखान्याच्या फाटकापर्यंत आणा, आत आणू नका, डॉक्टर बाहेर येऊन टोचतील. पण निरोगीच आणा. ज्यांच्या अंगात रोग आधीच शिरला आहे त्यांना लस टोचली तर त्या आणखी लवकर जातात. आणि मागे ठेवलेली निरोगी असली, तर तिला नंतर रोग गाठणार. म्हणजे सहा कोंबड्यांतून नेमकं कोणाला न्यायचं आणि कोणाला मागे ठेवायचं, हे त्या संध्याकाळी आईने ठरवायचं होतं. बाबांचं अंडं दोन दिवस बंद झालं होतं. दुकानातलं अंडं रोज आणावं अशी आमची ऐपत नव्हती.

त्या संध्याकाळी मी आईला पहिल्यांदा पाढा न घेता काम करताना पाहिलं. ती खोलीच्या मागच्या दारात पाटावर बसली. मी एकेक कोंबडी आणून द्यायची, हात राखेने घासून दुसरी आणायची. ती पिशवी चाचपायची, चोच उघडून आत बघायची, पापणी वर करायची, पायांची नखं पिवळी आहेत का बघायची. मग पाठीला कान. डोळे मिटलेले. इतका वेळ, की मला वाटे तिला झोप लागली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी नंतर फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यांवर पाहिलं, आणि ती सगळी आपल्या कामात बुडालेली माणसं होती. काळी तिने डाव्या टोपलीत ठेवली, म्हणजे उद्या न्यायची. तांबडी, डावीकडे. बोडकीच्या पाठीला तिने दोनदा कान लावला, मग डावीकडे. ठिपकी उजवीकडे. मला ठिपकीत काहीही दिसत नव्हतं. तुरा लाल, डोळे चकचकीत, माझ्या हाताला टोचून गेलेली. मी म्हटलंसुद्धा. आई म्हणाली, ही आज जास्तच टुणटुणीत आहे.

बाबा भिंतीला टेकून हे सगळं बघत होते. ते नुकतेच पाळीवरून आले होते. झिपरी डावीकडे गेली, साळू डावीकडे गेली. टोपल्या झाकल्या. आई उठायला लागली तेव्हा बाबा म्हणाले, "माझ्या पाठीक पण जरा कान लाव."

त्यांनी ते थट्टेच्या सुरात म्हटलं. आईने थट्टेवर घेतलं नाही. तिने हात धुतले, पुसले, त्यांचा सदरा वर केला आणि कान लावला. मी कंदील पुसत होते तो तसाच धरून उभी राहिले. तिने एका जागी ऐकलं, मग खाली, मग दुसऱ्या बाजूला. किती दिवस, तिने विचारलं. बाबा म्हणाले, संध्याकाळचा ताप दिवाळीपासून. रक्त एकदाच, संक्रांतीला. बदलीवाल्याने दुखणं दाखवलं की मुकादम दुसऱ्याला उभा करतो, म्हणून बोललो नाही.

आई सदरा खाली ओढत म्हणाली, "कोंबडी दोन दिस लपयता. तुमी चार म्हयने लपयलात."

तिचा आवाज चढला नाही. मला मात्र आजही ती संध्याकाळ आठवली की वाटतं, त्या खोलीत सर्वांत अवघड गोष्ट आईने नव्हे, बाबांनी केली. आईने सहा मुक्या जिवांचं दुखणं ओळखलं. पण ज्याला बोलता येतं तोच तोंड उघडत नसेल, तर कोणत्याही कानाला ते ऐकू येत नाही.

पुढचं सांगून टाकते. ठिपकी दुसऱ्या दुपारी मान पिरगाळून पडली. लस टोचलेल्या पाचांपैकी बोडकी गेली, चौघी राहिल्या, आणि चैत्र संपता संपता पुन्हा अंड्यावर आल्या. बाबांना परत पाच महिने दवाखान्यात ठेवलं. आई दर एक दिवसाआड चार अंडी रुमालात बांधून नेई. बाबा त्यानंतर एकोणीस वर्षं जगले, आणि शेवटी गेले ते छातीने नाही. देवाचा कोंबडा मेला नाही. पण त्याची मान कायमची वाकडी झाली. एक डोळा जमिनीकडे, एक आभाळाकडे. देवाला व्यंग असलेला चालत नाही, तेव्हा त्या शिमग्याला काकांच्या ओळखीतून दुसरा कोंबडा घेतला आणि गावी जाणाऱ्याबरोबर पाठवला. वाकड्या मानेचा मावशीच्या गॅलरीतच राहिला. तो आरवायला लागला तेव्हा आवाज भिंतीला आपटून आल्यासारखा यायचा, पण वेळ चुकायची नाही.

सांगायची राहिली ती सकाळ. रस्त्यावर निवडणुकीची फेरी होती, झेंडे, घोषणा, चालायला जागा नाही. आईच्या डोक्यावर पाच कोंबड्यांची झाकलेली टोपली, शेजारी मी, मागे बाबा. गर्दीतल्या कोणीतरी विचारलं, कोंबड्या मतदानाला निघाल्या काय. बाबा हसले आणि त्यांना ढास लागली. ती थांबेना तेव्हा लोक आपोआप बाजूला झाले.

परळला दोन रस्ते फुटतात तिथे मावशी उभी होती. एकीकडे जनावरांचा दवाखाना, दुसरीकडे माणसांचा. आईने टोपली उतरवून मावशीच्या डोक्यावर ठेवली आणि मला तिच्याबरोबर जायला सांगितलं. टोचताना कोणती कोंबडी ओरडली आणि कोणती ओरडली नाही, ते लक्षात ठेवून संध्याकाळी तिला सांगायचं, असंही बजावलं. मग ती बाबांकडे वळली. बाबा तिच्या मागे येऊन थांबले होते.

"तुमी फुडे चला," ती म्हणाली. "माका दिसाक व्हयात."

नवऱ्याच्या मागून चालणाऱ्या बायका मी त्याआधी आणि त्यानंतर पुष्कळ पाहिल्या आहेत. मी मावशीचा पदर धरून वळून बघत राहिले. बाबा हळू चालत होते, आणि आई दोन पावलं मागून, त्यांच्या खांद्यांवर नजर ठेवून, त्यांच्याच चालीने चालत होती.